इंजिनाची पहिली बांधणी आणि टॅपेटचे माप

बोईसर, प्रतिनिधी

तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या कुंभवली परिसरात पाळी सुटली की रस्ता मोटारसायकलींनी भरून जातो. कामगारांच्या या दुचाकी, कारखान्यांचा माल वाहणारे टेम्पो, चिल्हार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागणारे ट्रक आणि सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी येथील मच्छीमार नौका यांपैकी बहुतेकांचा रोजचा व्यवहार चार-स्ट्रोक इंजिनावर चालतो. असे इंजिन थकले की ते खोलून पुन्हा बांधावे लागते. कोळीबांधव तर पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळातच हे काम उरकून घेतात.

आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला तरुण पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर इंजिन बांधायला घेतो, तेव्हा त्याचे सारे लक्ष बोअर, पिस्टन, रिंग आणि क्रँक यांच्याकडे असते. खर्चही तिथेच झालेला असतो. टॅपेटचे अंतर तपासण्याचे काम मात्र सर्वात शेवटी येते. तोवर संध्याकाळ झालेली असते, गिऱ्हाईक दारात उभे असते आणि इंजिन एकदा सुरू झालेले पाहण्याची घाई सर्वांनाच असते. त्यातून पुष्कळदा कानाने अंदाज घेऊन टॅपेट ‘गप्प’ केला जातो. गिऱ्हाईकही आवाज नाही म्हणून समाधानाने घरी जाते.

या समाधानातच धोका दडलेला असतो. वाजणारा टॅपेट कानाला खटकतो आणि सुट्या भागांची झीज वाढवतो. घट्ट बसलेला टॅपेट काहीच सांगत नाही आणि काही हजार किलोमीटरमध्ये व्हॉल्व्ह जाळून टाकतो. म्हणूनच हे माप कानाने न घेता फिलर गेजने, थंड इंजिनावर आणि योग्य स्थितीतच का घ्यायचे, हे मिस्त्रीइतकेच वाहनमालकानेही समजून घेणे उपयुक्त ठरते.

टॅपेटचे अंतर म्हणजे काय?

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला किमान दोन व्हॉल्व्ह असतात. इनलेट व्हॉल्व्हमधून हवा किंवा हवा आणि इंधनाचे मिश्रण आत येते, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळालेला वायू बाहेर जातो. कॅमशाफ्टवरील उंचवटा रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो पुन्हा मिटवते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना रॉकरचे टोक आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक यांच्यामध्ये जी सूक्ष्म फट ठेवलेली असते, तिला गॅरेजच्या भाषेत टॅपेटचे अंतर किंवा ‘टॅपेट क्लिअरन्स’ म्हणतात.

ही फट किती लहान असते याची कल्पना छापील वृत्तपत्राच्या कागदावरून येईल. त्याची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर असते. लहान मोटारसायकलींच्या इंजिनांत टॅपेटचे अंतर बहुधा ०.०५ ते ०.१५ मि.मी. असते. ट्रक व नौकांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत ते ०.२० ते ०.५० मि.मी.च्या घरात जाते. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो आणि एकाच इंजिनात इनलेट व एक्झॉस्टचे आकडे वेगळे असू शकतात. तेव्हा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानायचा.

फट ठेवण्याचे कारण उष्णता हे आहे. पोलाद तापले की लांब होते. ९० मि.मी. लांबीच्या व्हॉल्व्हचे तापमान सरासरी ३०० अंश सेल्सिअसने वाढले, तर त्याची लांबी सुमारे ०.३ मि.मी.ने वाढते. त्याच वेळी ॲल्युमिनियमचे हेडही प्रसरण पावते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढते, पण हेड व्हॉल्व्हइतके तापत नाही. या दोन वाढींचा हिशेब करून, गरम इंजिनातही व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसावा, एवढी फट कारखान्यातील अभियंत्यांनी ठरवलेली असते.

स्कूटरच्या पिढीला अपरिचित

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना टॅपेट हा शब्द तसा उशिरा परिचित झाला. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक दीर्घकाळ दोन-स्ट्रोक इंजिनावर धावली. त्या इंजिनात व्हॉल्व्हच नसल्यामुळे प्लग आणि कार्ब्युरेटर साफ करणे एवढीच घरगुती दुरुस्ती असे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि मायलेजच्या हिशेबापुढे दोन-स्ट्रोक वाहने मागे पडत गेली. प्रदूषणाचे निकषही कडक होत गेले. डिसेंबर २००९ मध्ये बजाज ऑटोने स्कूटर उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तोवर दुचाकी गॅरेजमधील रोजचे काम टॅपेट सेटिंगभोवती फिरू लागले होते. दोन-स्ट्रोक इंजिनांवर हात बसलेल्या अनेक मिस्त्रींना हे नवे तंत्र कामातूनच शिकावे लागले. कानाने टॅपेट लावण्याची सवय त्या संक्रमणात रुजली आणि पुढच्या पिढीकडेही गेली.

फट कमी पडली तर

पेट्रोल इंजिनातील एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे तोंड ७०० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकते. ही उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे व्हॉल्व्हची सीट. व्हॉल्व्हला मिळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण तीन चतुर्थांश सीटमधून हेडमध्ये जाते आणि उरलेली दांड्यातून गाइडमध्ये उतरते. व्हॉल्व्ह मिटलेला असतो, तेव्हाच त्याला थंड होण्याची संधी मिळते.

फट अपुरी असेल, तर तापून लांब झालेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकतो आणि सीटवर पूर्ण बसत नाही. केसाएवढ्या फटीतून जळता वायू वेगाने निसटू लागतो, उष्णतेला बाहेर जायला वाट उरत नाही आणि व्हॉल्व्हची कड एका जागी जळून खाचते. कॉम्प्रेशन कमी होते. थंड असताना व्यवस्थित सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर सुरू होण्यास त्रास देते, सायलेन्सरमधून फटके ऐकू येतात आणि चढावर दम लागतो. या अवस्थेत टॅपेट सैल करून उपयोग होत नाही. हेड पुन्हा उतरवावे लागते. बांधणीचा खर्च दुसऱ्यांदा करण्याची वेळ येते ती बहुतेकदा इथेच.

फट जास्त असल्यास रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टिकटिक ऐकू येते. व्हॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, थोडा लवकर मिटतो आणि पूर्ण उंचीपर्यंत उघडत नाही. ताकद कमी होते, रॉकर व व्हॉल्व्हची टोके झिजतात. हेही नुकसानच आहे, पण ते सावकाश होते आणि आवाजाने आधी सूचना देते. म्हणून ठरलेल्या मर्यादेत राहून निवड करायची झाल्यास, एक्झॉस्टचे माप मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवणे अधिक सुरक्षित मानले जाते.

बांधणीनंतर जुने माप का चालत नाही?

‘इंजिन खोलण्यापूर्वी टॅपेट बरोबर होते, स्क्रूला हात लावला नाही’ हा युक्तिवाद बांधणीनंतर टिकत नाही, कारण दरम्यान अनेक मापे बदललेली असतात.

पहिला बदल सीटचा. सीट कापली किंवा पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासला, की तो हेडमध्ये किंचित आत बसतो. तेवढाच त्याचा दांडा रॉकरच्या बाजूला वर येतो आणि फट कमी होते. दुसरा बदल नव्या सुट्या भागांचा. नवा व्हॉल्व्ह, नवा रॉकर किंवा नवी कॅमशाफ्ट यांची मापे जुन्या झिजलेल्या भागांशी जुळत नाहीत. तिसरा बदल हेडच्या फेसिंगचा आणि गॅस्केटचा. पुशरॉडच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि रॉकर वर हेडवर असतात. हेडचा पृष्ठभाग ०.१ मि.मी. कापला किंवा तेवढे पातळ गॅस्केट बसवले, की दोघांमधील अंतर घटते आणि टॅपेटची फट किमान तेवढीच कमी होते. कॅमशाफ्ट हेडमध्येच असलेल्या इंजिनात फट अशी बदलत नाही. मात्र टायमिंग चेनचे अंतर घटल्यामुळे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ किंचित मागे सरकते.

सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा आणि टॅक्सींच्या बाबतीत आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. वायुरूप इंधन कोरडे असल्याने सीटवर ओलावा राहत नाही आणि सीट खचण्याचे प्रमाण वाढते. पूर्वी पेट्रोलमधील शिशाची संयुगे सीटवर पातळ थर तयार करून तिचे रक्षण करीत. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वीच्या जुन्या इंजिनांच्या बांधणीत म्हणूनच कठीण धातूची सीट बसवून घेण्याचा सल्ला दिला जातो. सीट खचते तेव्हा फट आपोआप कमी होत जाते आणि त्याचा आवाज होत नाही, हे पुन्हा अधोरेखित करावेसे वाटते.

तपासणीची रीत

टॅपेट तपासण्यापूर्वी दोन कामे पूर्ण झालेली असली पाहिजेत. हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळलेले असावेत आणि टायमिंगच्या खुणा जुळलेल्या असाव्यात. हेड अर्धवट आवळलेले असताना घेतलेले माप नंतर बदलते.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने, पान्याने सावकाश फिरवावे. किक किंवा सेल्फ वापरू नये. दोन पूर्ण फेऱ्यांत कुठेही अडथळा जाणवला तर जोर न लावता तिथेच थांबून टायमिंग पुन्हा पाहावे. टायमिंग चुकले असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतो.

आता पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला आणायचा. शंभर सीसीच्या अनेक मोटारसायकलींत मॅग्नेटवर ‘टी’ अशी खूण असते. ती केसिंगवरील खाचेशी जुळवावी. शेजारची ‘एफ’ ही ठिणगीची खूण आहे, ती येथे उपयोगाची नाही. नवशिक्याची सर्वाधिक फसगत याच टप्प्यावर होते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. त्यामुळे पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. मॅग्नेटवरची खूण दोन्ही वेळा जुळते. कॉम्प्रेशनच्या शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलतात. एक्झॉस्टच्या शेवटी मात्र एक व्हॉल्व्ह मिटत असतो व दुसरा उघडत असतो. या स्थितीत रॉकर दबलेले असतात आणि फट शून्य दिसते. ती पाहून स्क्रू सैल केले, तर पुढे सारे इंजिन खडखडते. खात्रीसाठी खुणेच्या थोडे मागे-पुढे फिरवून पाहावे. रॉकर हलू लागले तर ती चुकीची फेरी समजावी आणि इंजिन आणखी एक पूर्ण फेरी पुढे न्यावे.

फिलर गेजची पाती तेल पुसून वापरावी. ठरलेल्या मापाची पाती किंचित घासत सरकली पाहिजे आणि त्याच्या पुढची जाड पाती आत जाता कामा नये. या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय माप पूर्ण झाले असे समजू नये, कारण घासण्याची जाणीव प्रत्येक हाताला वेगळी वाटते.

खरी कसोटी लॉक नट आवळताना लागते. टॅपेट स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटर पिचचे असतील, तर एका पूर्ण फेरीत फट ०.५० मि.मी.ने बदलते. म्हणजे फेरीच्या एक दशांश भागाएवढा स्क्रू नटाबरोबर फिरला, तरी ०.०५ मि.मी.चा फरक पडतो. लहान इंजिनात कधी कधी संपूर्ण अंतरच तेवढे असते. म्हणून स्क्रू एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने नट आवळावा, त्यानंतर पुन्हा माप घ्यावे, इंजिन दोन फेऱ्या फिरवून तिसऱ्यांदा माप घ्यावे आणि आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

हे सारे थंड इंजिनावर करायचे असते. काही इंजिनांना गरम स्थितीतील आकडा दिलेला असतो, तो अपवाद. किनारपट्टीवरील मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी राहिलेली मोटारसायकल न चालवताही तापलेली असते. तेव्हा गाडी रात्रभर सावलीत ठेवून सकाळी माप घेणे उत्तम.

अधिक सिलिंडर असतील तर

चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. त्यात १ व ४, तसेच २ व ३ या सिलिंडरांचे पिस्टन जोडीने वर येतात. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलू लागले, म्हणजे एक मिटतो आहे व दुसरा उघडतो आहे असे दिसले, की पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आहे असे समजून त्याचे टॅपेट तपासावेत. सहा सिलिंडरच्या ट्रक इंजिनात १-५-३-६-२-४ हा प्रचलित क्रम आहे. तिथे १-६, ५-२ आणि ३-४ अशा जोड्या लागतात. मारुती ८००सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात अशी जोडी नसते. प्रत्येक सिलिंडर स्वतंत्रपणे टीडीसीला आणावा लागतो.

स्क्रूऐवजी शिम

पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या इंजिनांत स्क्रू नसतो. तिथे फट ठरलेल्या जाडीच्या चकतीने, म्हणजे शिमने राखली जाते. हिशेब सोपा आहे. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवायची आणि हवी असलेली फट वजा करायची. समजा शिम २.५० मि.मी., मोजलेली फट ०.०८ आणि हवी असलेली ०.१५ आहे, तर नवा शिम २.४३ मि.मी.चा लागेल. बाजारात ०.०५च्या टप्प्याने शिम मिळत असतील, तर २.४५ बसवल्यास फट ०.१३ आणि २.४० बसवल्यास ०.१८ राहील. यांपैकी पुस्तिकेच्या मर्यादेत बसणारा घ्यावा. शिम बदलण्यासाठी बहुधा कॅमशाफ्ट काढावी लागत असल्याने हे माप बांधणीच्या वेळीच नीट लावून घेणे शहाणपणाचे ठरते.

बुलेटचा अपवाद

ओतीव लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटमध्ये थंड इंजिनावर फट जवळपास शून्य ठेवतात. पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. वर मांडलेल्या तत्त्वाशी हे विसंगत वाटेल. मात्र या इंजिनात सिलिंडर आणि हेड तापून उंच झाले, की रॉकर कॅमपासून दूर जातो आणि फट आपोआप निर्माण होते. थंड असताना शून्य असलेली फट चालताना शून्य राहत नाही. २००८-०९ पासून आलेल्या यूसीई इंजिनांच्या बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ते तेलाच्या दाबाने फट स्वतःच भरून काढतात, तिथे हाताने माप लावायचे नसते. एका इंजिनाचा नियम दुसऱ्याला लावू नये, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

गेजही फसवू शकते

जुना रॉकर पुन्हा वापरला असेल, तर त्याच्या टोकाला आतून बघावे. वर्षानुवर्षे आपटून तिथे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या आकाराची खळी पडलेली असते. फिलर गेजची सपाट पाती ही खळी झाकून टाकते आणि माप बरोबर दाखवते. प्रत्यक्षात फट खळीच्या खोलीएवढी जास्त असते. माप बरोबर असूनही टॅपेट वाजतो तो अशा वेळी. येथे स्क्रू आवळत गेल्यास मोजमापाचा आधारच सुटतो. योग्य उपाय म्हणजे खळी पडलेला भाग बदलणे. आवाज टायमिंग चेन, तिचा टेन्शनर किंवा झिजलेल्या कॅमशाफ्टचाही असू शकतो. टॅपेट आवळून या आवाजांवर पांघरूण घालता येत नाही.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर

बांधलेले इंजिन सुरू झाले म्हणजे काम संपले असे नाही. गॅस्केट दबते, सीट व व्हॉल्व्ह एकमेकांत बसतात. त्यामुळे सुरुवातीचे ५०० ते १००० किलोमीटर झाल्यावर इंजिन थंड करून टॅपेट पुन्हा तपासावेत. हेडचे नट पुन्हा आवळण्याची सूचना असेल, तर ते आधी आवळून मग माप घ्यावे. नौकेच्या इंजिनासाठी हाच हिशेब चाललेल्या तासांवर करतात. समुद्रात काही मैल आत गेल्यावर बंद पडलेले इंजिन रस्त्याच्या कडेला लावता येत नाही. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांनंतरची ही तपासणी टाळू नये.

वाहनमालकांनी काय विचारावे?

बांधणीनंतर गाडी ताब्यात घेताना इंजिन किती शांत आहे, एवढेच पाहू नये. इनलेट आणि एक्झॉस्टचे माप किती ठेवले, ते थंड इंजिनावर घेतले का आणि पुन्हा कधी तपासायचे, हे तीन प्रश्न विचारावेत आणि आकडे बिलावर लिहून घ्यावेत. गाडी संध्याकाळी मिळण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, तर त्याबद्दल कुरकुर करू नये. इंजिन थंड होण्यासाठी ठेवलेली ती रात्र बांधणीचाच भाग असते. हलकीशी, एका लयीतील टिकटिक पुस्तिकेतील मापात असताना येत असेल, तर ती आवळून बंद करण्याचा आग्रह मिस्त्रीकडे धरू नये. पहिल्यांदाच इंजिन बांधणाऱ्या तरुणाला गिऱ्हाईकाने दिलेली ही एका रात्रीची सवड, त्याच्या कामाइतकीच त्या इंजिनाच्या आयुष्यालाही उपकारक ठरते.